बोजारा

तान्हा पोळा मुळातच एक 'इव्हेंट' आहे, हे आधी मान्य करून टाकू. पिठोरी अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा. मोठ्यांचे बैल खरे, पोरांचे लाकडाचे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात, मुलांनाही बैलाचं मोल कळावं म्हणून. म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसानं, ठरवून, काही शिकवायच्या हेतूनं, हातात खेळणं देऊन घडवलेला कार्यक्रम. शाळा आज याला 'ॲक्टिव्हिटी' म्हणते.

माझं गाव आंबागड, तुमसर तालुक्यातलं. वरचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळातला, १७०० च्या सुमारास राजा खान पठाणानं बांधलेला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. एकाच घराण्यानं आमच्या भागाला तुरुंगही दिला आणि लेकरांचा सणही. परंपरा अशीच असते, सरमिसळ.

हे सगळं सांगायचं कारण, माझी भाची ज्या शाळेत जाते तिच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे आणि भिंतीला लागून धानाच्या बांध्या आहेत. पोळ्याच्या आधी पालकांच्या ग्रुपवर सूचना येते: मुलांनी शेतकऱ्याच्या वेशात यावं. धोतर, फेटा, काजळाची मिशी. मुलींना नऊवारी. सोबत सजवलेला लाकडी बैल, उत्तम सजावटीला बक्षीस. संध्याकाळपर्यंत रील तयार. पुण्यात माझ्या टीममधल्या मित्रांना दाखवलं तर ते हसले: खोटा पोळा! मला ते हसणं पटत नाही. 'खोटा' म्हणायचं तर रघुजीराजांचाही खोटाच.

शिवाय खरा पोळा म्हणून आपण ज्याच्या आठवणी काढतो, तो काही निर्मळ नव्हता. तोरणाखाली पहिली जोडी कुणाची, हे मानानं ठरायचं. मानकऱ्याचा बैल गेल्याशिवाय पोळा फुटायचा नाही. त्या मानावरून गावोगाव भांडणं झालेली आहेत. शाळेत मात्र मुलं रोल नंबरनं उभी राहतात. पाटलाचा नातू सतरावा, मजुराची मुलगी चौथी. इतक्या वर्षांत गावाला जे जमलं नाही ते हजेरीपटानं दोन मिनिटांत केलं. हा फायदा मी खरा धरतो. (मग सजावटीचं बक्षीस सगळ्यात महागड्या बैलाला जातं आणि मान मागच्या दारानं परत येतो, ते वेगळं.)

मला अडतं ते त्या धोतराशी. भाचीच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे बाप शेतकरीच आहेत. ते पॅन्ट घालतात, बियाणं कंपनीनं फुकट दिलेला टी-शर्ट घालतात, मोटारसायकलवर युरियाची गोणी आणतात. त्यांच्या पोराला मिशी काढून, फेटा बांधून उभं केलं आणि माईकवर 'धिस इज अवर फार्मर' म्हटलं, तर त्या पोरानं काय समजायचं? बाप शेतकरी नाही, की चित्रातला शेतकरी बाप नाही? दूरदेशीच्या माणसाचा वेश घालणं समजू शकतो, तो तिथे नसतो. इथे तर तो फाटकाबाहेर पोराला न्यायला उभा असतो.

आमच्या कामात खऱ्या सर्व्हरवर काही टाकण्याआधी ते 'स्टेजिंग'वर चालवून बघतात. तिथे सगळं खोटं असतं: खोटे ग्राहक, खोटे पैसे. त्याला कुणी ढोंग म्हणत नाही, कारण पुढे खरं होणार असतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती याहूनही पुढची होती. मूल सूत कातेल आणि ते सूत खरोखर वापरलं जाईल. वर्धा आमच्यापासून काही लांब नाही. पण आपल्या ॲक्टिव्हिटीतला थर्माकोलचा बैल फोटो झाला की कचऱ्यात जातो.

मग तान्ह्या पोळ्यात असं काय होतं जे शाळेच्या पोळ्यात नाही? मला वाटतं, बोजारा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: पोरं आपला लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि घरातली माणसं बैलाला ओवाळून पोराच्या हातावर पैसे ठेवतात, तो बोजारा. रक्कम किरकोळ. पण पोराला परक्या दारात उभं राहावं लागतं आणि दारातल्याला उठावं लागतं. दोघांचंही एकमेकांकडे काही लागतं, हे त्या दोन मिनिटांत ठरतं. मोठ्यांच्या पोळ्यातही तेच. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, कारण जू त्याच खांद्यांवर असतं. झाडाच्या सावलीत बसून कौतुक करणं वेगळं आणि ज्या जागी आपण दुखावलं नेमकी तीच जागा चोळणं वेगळं. शाळेच्या कार्यक्रमात मूल कुणाचं काही लागत नाही. बघणारे त्याचेच आईबाप, देणारे तेच, टाळ्याही त्यांच्याच.

आता बैलही फार उरले नाहीत. आमच्या घरची जोडी विकली त्याला काळ लोटला. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. तरी शेकायला खांदे उरलेत की. पोळ्याच्या आधीच रोवणी आटोपलेली असते. पावसात, गुडघाभर चिखलात, वाकून वाकून बायांनी ती केलेली असते, आणि त्यांच्या पाठीला कुणी हळद लावत नाही. शाळेची व्हॅन चालवणारा आहे, पोषाख शिवणारी आहे. मुलं लाकडी बैल घेऊन या दारांवर गेली तर?

सुचवून पाहिलं. बहिणीनं बैठकीत विषय काढला. अडचणी सांगितल्या गेल्या: रस्त्यावर ट्रक असतात, परवानगीपत्रं लागतील, ऊन आहे. त्या खऱ्याही आहेत. पण एक अडचण कुणी बोललं नाही. गावातली पोरंही बोजाऱ्याला सगळ्या दारांवर जात नाहीत. कुठल्या टोलीकडे वळायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, पाय आपोआप वळत नाहीत. शाळेनं मुलांना बाहेर काढायचं म्हटलं तर कुणाला तरी कागदावर रस्ता आखावा लागेल, आणि तो कुठल्या दारांवरून जातो ते लिहून द्यावं लागेल.

यंदा पुन्हा विचारणार आहोत. रस्त्याचा नकाशा या वेळी बहीणच काढून नेणार आहे.