नेति नेति आणि मृगाचा किडा

७ जूनच्या आसपास मृग लागतो, पहिल्या सरी पडतात आणि ओल्या मातीवर मृगाचा किडा चालू लागतो. लालभडक, मखमली, करंड्यातलं कुंकू सांडावं तसा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फिरणारे वाकतात, मोबाइल काढतात आणि विचारतात, हा कोण?

उत्तर नकारांतूनच येतं. पाय आठ, म्हणजे कीटक नव्हे. नावात ‘किडा’ असला तरी हा कोळ्या-गोचिडांचा भाऊबंद. पानामागे जाळी नाही, म्हणजे बाल्कनीतल्या गुलाबाचा रस शोषणारा लाल कोळीही नव्हे. अंग फुगीर, दाट केसांचं. चला, कुळ कळलं. पुढे फोटो मुका होतो. नेमकी जात ठरवायची तर जीव काचपट्टीवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, म्हणजे मारावाच लागतो.

गंमत पाहा. बृहदारण्यक उपनिषदात पुरुषाच्या रूपाला उपमा दिल्यात: रंगवलेलं वस्त्र, पांढरी लोकर, ज्वाला, वीज. त्याच रांगेत इंद्रगोप आहे, आणि तो हाच किडा असं अनेक अभ्यासक मानतात. उपमा संपतात न संपतात तोच ‘नेति नेति’ येतं: असं नव्हे, असं नव्हे. तिथेही शेवटी नकारच.

मग पूर्ण नावासाठी जीव घ्यावा का? संशोधकाला कधी घ्यावा लागतो. हौशी माणसाला मुळीच नाही. जैन ग्रंथ इंद्रगोपाला तीन इंद्रियांच्या जीवांत धरतात, आणि घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत चातुर्मासात पाऊलही जपून पडतं.

तेव्हा आकार कळावा म्हणून शेजारी एक नाणं ठेवा, वरून नि बाजूने फोटो घ्या, आणि किडा तिथेच राहू द्या.