आम्ही नुरा कुस्तीचे शौकीन

"हे सगळे खोटे असते, माहीत आहे ना?"

हा प्रश्न आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने एकदा तरी ऐकला असेल. मोहल्ल्यात ज्याच्या घरी केबल आली होती, त्याच्या घरी आम्ही दहा-बारा जण जाऊन बसायचो. पडद्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती, खाली फरशीवर आम्ही, आणि दारात उभे राहून कुणाचे तरी अब्बा नाहीतर चाचा हा प्रश्न विचारणार. आमच्या दप्तरात पहिलवानांचे पत्ते असायचे. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती जिंकल्या, सगळे त्यावर छापलेले. सतराचा पाढा येत नसे, पण अंडरटेकरची उंची तोंडपाठ. पुढे गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचे दुकान निघाले. तासावर पैसे. ईदी तिथेच संपायची.

आमचा भाग मिरज-सांगलीकडचा, तालमींचा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान आमच्याकडच्या बुजुर्गांच्या बोलण्यात असे यायचे, जणू ते घराच्या मागच्या बाजूलाच आहे. तालीम हा शब्द मुळात अरबी, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. लाल मातीत कोण कुठल्या मोहल्ल्यातला हे विचारायची पद्धत नव्हती. अशाच एका तालमीतले वस्तादचाचा एकदा आमच्या घोळक्यामागे येऊन उभे राहिले. पाच मिनिटे त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अरे, ये तो नुरा कुस्ती हय." नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली. तालमीत याहून मोठी शिवी नाही. तिथे मान असतो तो निकाली कुस्तीला. जाताना ते एवढेच म्हणाले, "निकाल आधीच ठरलेला असेल, तर शड्डू कशाला ठोकायचा?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. इतक्या वर्षांनी ते देऊन पाहावे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट ही की आम्ही फसलो नव्हतो. दुसरी-तिसरीत फसलो असू, पण सातवी-आठवीत आम्हाला सगळे कळत होते. अमेरिकेतल्या या धंद्यात लढत खरी असल्याचे सोंग बाहेरच्या माणसासमोर कधीही सोडायचे नाही, असा जुना दंडक होता. त्याला ते लोक 'केफेब' म्हणत. पण तो दंडक त्यांनी स्वतःच मोडला. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यात कुस्तीवरचे सरकारी नियंत्रण काढून घ्यावे म्हणून या कंपनीनेच कबूल केले की हा खेळ नाही, करमणूक आहे. म्हणजे आमचे अब्बा जे गुपित फोडत होते, ते आम्ही पाहायला बसण्याआधीच मालकाने फोडून ठेवले होते.

मग प्रश्न असा की दोन्ही बाजूंना जे ठाऊक आहे, त्याला खोटे म्हणायचे का? तमाशातला राजा राजा नसतो, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहीत असते, तरी तो नाक्यावरची मिळकत सोडून येतो. रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात कुस्तीवर निबंध लिहिला. तमाशबिनाला लढत खरी की ठरवलेली याची फिकीर नसते, त्याला न्याय, अन्याय आणि यातना डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पाहायच्या असतात, असे त्याचे सांगणे. आणि आमच्या बुजुर्गांना तरी याचे वावडे कुठे होते? दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींचे किस्से सांगताना त्यांचे डोळे आजही चमकतात. नुरा असेल या शंकेने त्यांनी मुंबईची तिकिटे परत केल्याचे काही ऐकिवात नाही.

पाहणे हाच गुन्हा, असेही आम्हाला कुणी पटवू शकले नाही. ईदच्या दिवशी मशिदीच्या अंगणात हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते आणि हजरत आयेशांचे मन भरेपर्यंत पैगंबर (स.) त्यांना तो दाखवत उभे राहिले, ही रिवायत आमच्या मौलवीसाहेबांनीच आम्हाला सांगितलेली. खेळ पाहण्याला मनाई नाही. पाहताना आपण काय होतो, हा प्रश्न आहे.

वस्तादचाचांना आम्ही आज सांगू की चाचा, निकाल खोटा होता, पण पडणे खरे होते. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली या पहिलवानाला अंडरटेकरने सोळा फूट उंचीच्या पिंजऱ्याच्या छपरावरून खाली फेकले. तो खालच्या टेबलावर आदळला. उठून पुन्हा वर चढला आणि या वेळी छपराची जाळी तुटून तो आत पडला. त्याचा दात तुटून नाकापर्यंत पोचला होता. हे दृश्य आम्ही कितीदा पाहिले असेल, मोजदाद नाही. दर वेळी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी, २३ मे १९९९ ला, कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या पहिलवानाला छतावरून दोराने खाली उतरायचे होते. त्या दोराची कडी सुटली आणि तो रिंगणात कोसळून गेला. वय ३४. त्याला इस्पितळात नेले आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. प्रेक्षक जागेवर बसून राहिले. आम्ही तिथे नव्हतो. पण असतो तर उठून गेलो असतो, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

इथे व्हिडिओ गेमची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. रिंगणात माणसाची हाडे खरी आणि निकाल लटका. गेममध्ये हाडे लटकी आणि निकाल खरा. गेमच्या दुकानात आम्ही दोघे शेजारी बसून हातातली बटणे दाबायचो, तेव्हा कोण जिंकणार हे कुणीही ठरवलेले नसे. २००३ मध्ये आलेल्या 'हिअर कम्स द पेन'वर तर आमच्या दोस्तीची कसोटी लागली. ज्याचा हात चलाख तो जिंकला, हरलेल्याने चहा पाजला. कुणाचा दात पडला नाही. वस्तादचाचांना हवी असलेली निकाली कुस्ती आम्हाला मिळाली ती त्या डबड्यात, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

इथपर्यंत आमची बाजू बरी आहे. आता जे सांगायचे आहे, ते सांगायला जड जाते.

या तमाशाला एक खलनायक लागतो, आणि त्याला चेहरा लागतो. १९७९ ते १९८१ या काळात तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस होते. अमेरिकेत इराणी माणसाबद्दल राग धुमसत होता. खोसरो वझिरी हा जन्माने इराणी, हाडाचा कुस्तीगीर. अमेरिकेत जाऊन तिथल्या ऑलिंपिक कुस्ती संघाचा तो सहायक प्रशिक्षक झाला होता. कुस्तीच्या बाजारात त्याचा 'आयर्न शेख' झाला. २६ डिसेंबर १९८३ ला त्याने किताब जिंकला आणि महिन्याच्या आत, २३ जानेवारी १९८४ ला न्यूयॉर्कमध्ये हल्क होगनने तो हिसकावून घेतला. होगन रातोरात देशाचा हिरो झाला. ही शिडी ज्याच्या पाठीवर उभी राहिली, त्याला खरी कुस्ती येत होती, हे किती जणांना आठवले असेल? पुढे १९९१ मध्ये आखाती युद्ध आले, तेव्हा याच माणसाला इराकी 'कर्नल मुस्तफा' करून उभे केले. इराण आणि इराक आठ वर्षे एकमेकांची माणसे मारून १९८८ मध्ये थांबले होते. पण दाढीमिशा तशाच, नावही ऐकायला तसेच. प्रेक्षकाला एवढे पुरे होते.

ते आम्ही पुढे जुन्या फितींत पाहिले. आमच्या डोळ्यांदेखत घडले ते मुहम्मद हसनचे. २००४ च्या अखेरीस हा नवा पहिलवान आला. डोक्याला अरबी रुमाल बांधून तो म्हणायचा, मी अमेरिकेत जन्मलो, तरी ११ सप्टेंबर २००१ नंतर माझ्याकडे संशयाने पाहिले जाते. तक्रार खरी होती. विमानतळावर नाव सांगताच ज्यांना बाजूला काढले जाते, घर भाड्याने मागताना आडनाव ऐकून ज्यांना नकार मिळतो, त्यांना ती समजावून सांगायला नको. पण ती खलनायकाच्या तोंडी घातली होती. तो बोलायला लागला की सारे सभागृह हुर्यो करायचे. खरे वाक्य वाईट माणसाच्या तोंडी दिले की वाक्यच वाईट होते, ही युक्ती आम्हाला तेव्हा उमगली नाही. हे पात्र करणारा मार्क कोपानी इटालियन वंशाचा अमेरिकन होता. त्याच्याबरोबरचा दैवारी फारसी बोलायचा, आणि प्रेक्षक ते अरबी समजायचे. ७ जुलै २००५ ला, लंडनच्या रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले त्याच दिवशी, अमेरिकेत एक भाग दाखवला गेला. हसन गुडघ्यांवर बसून दुवा मागतो आणि तोंड झाकलेली माणसे येऊन अंडरटेकरचा गळा आवळतात. भाग आधीच चित्रित झालेला होता. गदारोळ उठला, वाहिनीने हसनला बंदी केली, आणि २४ जुलैच्या लढतीत अंडरटेकरच्या हातून त्याचा कायमचा निकाल लावण्यात आला.

त्या महिन्यांत आम्ही कुणासाठी ओरडत होतो? अंडरटेकरसाठी. आमच्यात एक मुहम्मद होता आणि एक हसन होता. तेही ओरडत होते. पडद्यावरचा माणूस हात उचलून दुवा मागतो आणि आम्ही, जे अर्ध्या तासापूर्वी मगरिबला तसेच हात उचलून आलो होतो, त्याच्या नावाने शिट्ट्या मारत होतो. कुणी सांगेल, लहान होतात. तेवढे लहान नव्हतो. कुणी सांगेल, खोटेच तर होते. खोटे होते म्हणूनच ते आत शिरले. खरे म्हणून सांगितले असते, तर आम्ही वाद घातला असता. खेळ म्हणून समोर आले, तेव्हा आम्ही दार उघडे ठेवले.

दारातून विचारला जाणारा तो प्रश्न म्हणून अपुरा होता. 'हे खोटे आहे' एवढे सांगून मूल शहाणे होत नाही. यातले काय खोटे आणि काय खरे, हे त्याला वेगळे करून दाखवावे लागते. निकाल खोटा, जखम खरी. पात्र खोटे, त्याच्याविषयी तयार झालेला राग खरा. तो राग टीव्ही बंद केल्यावर कुठे जातो, हे कुणी सांगायचे?

आणि गेमला आम्ही वर निर्दोष ठरवले, तेही सबंध खरे नाही. हसन पडद्यावरून गेला, पण त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या गेममध्ये तो होता. तिथे त्याला कुणीही निवडू शकत होते आणि जिंकवूही शकत होते. इतका न्याय त्याला रिंगणात मिळाला नाही. पण २००७ मधला 'कॉल ऑफ ड्यूटी ४' घ्या. त्यात मध्यपूर्वेतला एक देश आहे, ज्याला नावसुद्धा दिलेले नाही. बंदूक आपल्या हातात, समोरून येणारी माणसे पडत जातात. त्या कथेत त्यांची बाजू निवडायची सोय नाही. आमची हुशार, नेक, पाच वक्त नमाजी पोरे तो गेम रात्र रात्र खेळली.

पुढे चित्र थोडे बदललेही. सिरियन आईबापांच्या पोटी कॅनडात जन्मलेला सामी झैन मुसलमान आहे आणि ते लपवत नाही. पूर्वी बरीच वर्षे तो मुखवटा घालून मेक्सिकन पहिलवानाचे सोंग करत असे. २७ मे २०२३ ला जेद्दामध्ये तो रिंगणात उतरला, अरबीत बोलला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. आम्हीही घेतले. पण तेवढ्याने हिशेब चुकता झाला असे आम्हाला वाटत नाही. ज्या बाजाराने शेखला खलनायक करून पैसा कमावला, तोच बाजार २०१८ पासून खऱ्या शेखांच्या पैशावर सौदीत मैदाने भरवतो. बाजाराला चेहऱ्याशी वैर नसते, तसे प्रेमही नसते. जो चेहरा ज्या वर्षी खपेल, तो त्या वर्षी पुढे येतो. विचार करायचा तो पाहणाऱ्याने.

खरा पहिलवान दुसऱ्याला चीत करणारा नव्हे, राग आला असता स्वतःला आवरणारा, अशा अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. ती पहिलवानांसाठी आहे असे आम्ही समजत होतो. ती प्रेक्षकांसाठीही आहे, असे आता वाटते. आपल्याला कुणाचा राग यावा हे जेव्हा दुसराच कुणी ठरवतो, तेव्हा आवरण्याची खरी गरज असते.

आम्ही शौक सोडलेला नाही. खोटे कशाला बोलावे? भाचा सुट्टीत येतो, तेव्हा गेमचे यंत्र बरोबर घेऊन येतो आणि आमची जुनी खोड उसळी मारते. मागच्या ईदला त्याने आम्हाला सलग चार वेळा चीत केले. मग जुन्या फितींत हसनची एक लढत निघाली. लोक हुर्यो करत होते. पोराने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "मामू, याने केले काय?"

'खोटे असते ते' हे उत्तर ओठांपर्यंत आले होते. ते गिळले. यंत्र बंद केले, त्याला जवळ बसवले आणि आयर्न शेखपासून सुरुवात केली. बाहेर जेवणाची पाने वाढून झाली होती, बाजी दोनदा हाक मारून गेल्या. तरी पोरगे उठले नाही.