डावललेलं मैदान

गोल्फ या खेळाशी माझा आजवरचा संबंध एवढाच, की आमच्या कचेरीतले मोठे साहेब तो खेळत आणि ते खेळायला गेले की आम्हांला जरा उसंत मिळे. त्यामुळे हॉलंडातला माझा भाचा एका शनिवारी सकाळी म्हणाला, "मामा, चला, तुम्हांला इथलं सगळ्यांत दुर्लक्षित गोल्फचं मैदान दाखवतो," तेव्हा मी साहजिकच विचारलं, "अरे, मग सगळ्यांत नावाजलेलं का नाही दाखवत?"

आता तुम्हीच सांगा, जवळजवळ सात हजार किलोमीटर विमानात गुडघे आखडून बसायचं ते काय दुर्लक्षित गोष्टी बघायला? त्या आमच्या गल्लीतही भरपूर आहेत. त्यांतली एक तर मी रोज सकाळी दाढी करताना आरशात बघतो.

"नावाजलेलं झांडफोर्टला आहे. केनेमर," भाचा म्हणाला. "१९७६ साली बायेस्तेरोस तिथंच डच ओपन जिंकला, एकोणिसाव्या वर्षी. पण आपण डोंबुर्गला जायचं."

डोंबुर्ग झीलंडमध्ये आहे. मी 'हॉलंड' म्हणालो म्हणून भाच्यानं मला गाडीतच टोकलं. झीलंडच्या माणसाला हॉलंडचा म्हणणं म्हणजे मालवणच्या माणसाला पुणेकर म्हणणं. तोही ऐकून घेतो, पण मनात ठेवतो. न्यूझीलंडला नाव मिळालं ते या झीलंडवरून. नव्या झीलंडचे क्रिकेटपटू आपल्या पोरांना तोंडपाठ, आणि जुनं झीलंड कुठं आहे ते सत्तरी आली तरी मला माहीत नव्हतं. म्हणजे दुर्लक्ष होण्याची या प्रांताला मुळातच सवय.

मैदान १९१४ सालापासूनचं. एका अंगाला वाळूच्या टेकड्या, त्यांच्या पलीकडे उत्तर समुद्र. टेकड्यांवर उंच, ताठ गवत. झाड म्हणाल तर वाऱ्यानं मान मोडून एका बाजूला केलेलं. आणि होल किती? तर नऊ.

"बाकीचे नऊ कुठायत?" मी विचारलं. गोल्फला अठरा लागतात एवढं मलाही ठाऊक होतं.

"हेच नऊ पुन्हा खेळायचे."

हेच त्या मैदानाचं दुर्दैव! अठरा नाहीत म्हणून जाणकार त्याला अर्ध्यात काढतात. पण अठरा हा आकडा काही ब्रह्मदेवानं ठरवलेला नाही. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्रूजला पूर्वी बावीस होलची फेरी असे. १७६४ साली त्यांनी ती अठरावर आणली, आणि पुढे सगळ्या जगानं ती प्रमाण मानली. आपल्याला अर्थात अठराचं कौतुक उपजतच. गीतेचे अध्याय अठरा, पुराणं अठरा, आणि महिनाअखेरीस घरी असतं ते दारिद्र्यही अठराविश्वे. पण म्हणून नऊला अर्धं म्हणायचं? नवरसांना कुणी अर्धे रस म्हणतं का?

भाचा खेळत होता, मी त्याची काठ्यांची गाडी ओढत होतो. वारा असा, की डोक्यावरची माकडटोपीही हाताने धरावी लागे. पहिल्या फेरीत चौथ्या होलला वारा तोंडावर होता. दुसऱ्या फेरीत तिथंच पोचलो तर तो बाजूनं घुसायला लागला. मघाशी ज्या काठीनं चेंडू हिरवळीवर गेला होता, त्याच काठीनं आता तो गवतात गेला. भाचा खूश! चेंडू हरवून खूश होणारा माणूस मी प्रथमच पाहिला. "बघा मामा, तोच होल, पण तोच नाही." आमच्या घरी तीच भाजी संध्याकाळी पुन्हा वाढली की मी काय म्हणतो ते आठवून मी गप्प बसलो.

समुद्राकाठच्या अशा मैदानाला 'लिंक्स' म्हणतात. मूळ शब्द स्कॉटलंडातला. वाळवट, खडबडीत, शेतीला निरुपयोगी जमीन. कोकणात जिला वरकस म्हणतात तिचीच ही मावसबहीण. पण गंमत अशी, की डच भाषेत 'लिंक्स' म्हणजे डावं. हे ऐकलं मात्र, आणि मी थबकलो. डाव्या अंगाला सारायचं ते डावलणं, अशी माझी आपली घरगुती व्युत्पत्ती आहे. म्हणजे हे मैदान नावानंच डावललेलं!

आणि डावलणं हा माझा खास विषय. निवृत्तीच्या आधी चार वर्षं माझी हेडक्लार्कची जागा, जी सर्व न्यायानं माझी होती, ती दुसऱ्याला दिली गेली. ही कथा मी आजवर लग्नात, बारशात आणि एकदा स्मशानातही सांगितलेली आहे. इथं ऐकायला एक भाचा आणि साक्षात उत्तर समुद्र मिळाल्यावर मी सोडतो की काय! दोन होल चालेपर्यंत कथा पुरली.

भाच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, एक करा. या मैदानाबद्दल कुणाला फार सांगू नका. उगाच गर्दी होईल."

घ्या! सकाळपासून 'याची कुणी कदर करत नाही' म्हणून हळहळणारा हाच माणूस. मग माझ्या लक्षात आलं, की डावललेल्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्याच्या हळहळीत चिमूटभर साखरही असते. जगाला कळलं नाही ते मला कळलं, ही ती साखर. मैदानाची स्तुती करता करता आपण आपल्याच पाठीवर हात फिरवत असतो. जग जागं झालं, की ती साखर संपली.

मैदानाला मात्र याचं काय? त्या टेकड्यांवरचं गवत, इथं त्याला 'हेल्म' म्हणतात, वाळूनं बुजलं की आणखी जोमानं वर येतं. ते वाळू धरून ठेवतं, म्हणून टेकड्या उभ्या. टेकड्या उभ्या, म्हणून मागची गावं भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित. त्याला कुणी हेडक्लार्क केलेलं नाही. मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, सापडलं तत्त्वज्ञान! कदर ही गरजच नव्हे.

पण हे बरं वाटणं जरा संशयास्पद होतं. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हासुद्धा तत्त्वज्ञानीच दिसतो. शिवाय याच गावची एक गोष्ट भाच्यानं सांगितली. रोमन काळात इथं नेहालेनिया नावाची देवी होती. शेजारी कुत्रा, जवळ फळांची टोपली. समुद्रापार माल नेणारे व्यापारी तिला नवस बोलत आणि सुखरूप परतले की दगड कोरून नवस फेडत. पुढे नवस फेडायला येणारं कुणी उरलं नाही. हजाराहून अधिक वर्षं देवी विस्मरणात गेली. १६४७ च्या जानेवारीत वादळानं वाळू हटवली तेव्हा तिचे दगड उघडे पडले. जगभरची कीर्ती देवालाही लागत नसेल. पण कुणीच फिरकलं नाही, तर वाळू देवालाही सोडत नाही.

शेवटच्या होलजवळ एक माणूस गुडघ्यांवर बसून गवताचा उखडलेला तुकडा बसवत होता. भाचा मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्यापाशी गेला, डचमध्ये काहीतरी बोलला. माणसानं वर पाहिलं आणि तो लहान मुलासारखा हसला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. तिसऱ्याची हिरवळ गेल्या महिन्यापेक्षा छान झालीय म्हटलं."

एवढंच. आणि मला, कुठून कोण जाणे, आमच्या कचेरीच्या रेकॉर्डरूममधला माणूस आठवला. धुळीनं सदा खोकणारा. कुठल्याही सालची फाईल मागा, पाच मिनिटांत टेबलावर. एकवीस वर्षं मी त्या फायली घेतल्या. टेबलावरून मान वर करून 'छान' असं एकदाही म्हणालो नाही. मला काय मिळालं नाही याचा हिशेब माझ्याकडे तारीखवार आहे. मी काय दिलं नाही, त्याची वही मी घातलेलीच नव्हती. वरच्यानं मला एकदा डावललं. मी त्याला रोज डावलत होतो, आणि त्याची कथा कुठल्याही बारशात कुणी सांगितलेली नाही.

गावात चित्रांची पोस्टकार्डं मिळत होती. समुद्रात दूरवर गेलेल्या लाकडी खांबांच्या रांगा असलेलं एक घेतलं. काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'तुमच्यामुळे फाईल नेहमी वेळेवर मिळे. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.' नाव लिहिलं. आणि पत्ता लिहायला गेलो, तर तो मला माहीत नव्हता.

कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. जुन्या कचेरीत चौकशी चालू आहे. पण रेकॉर्डरूममधून तो कागद काही निघत नाही म्हणतात. निघणार कसा? शोधून देणारा माणूस होता कोण?