स्वर्गाची निर्दोष सुटका

प्रेमकथेत प्रेमाच्या आड कोण येतं, यापेक्षा शेवटी दोष कोणाच्या माथी मारला जातो हे पाहावं. कथाकाराची बाजू तिथे कळते. २०१७ साली चीनमध्ये प्रसारित झालेली आणि ‘इटर्नल लव्ह’ या नावाने जगभर पाहिली गेलेली ५८ भागांची मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. तांग ची या लेखिकेच्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. देव, सिद्ध, राक्षस आणि जन्मोजन्मीचं प्रेम असा सगळा सरंजाम असलेल्या या कथाप्रकाराला चीनमध्ये ‘शिएनशिया’ म्हणतात.

मालिकेची पहिली जमेची बाजू म्हणजे तिची नायिका. बाय च्यान ही चिंगच्यूच्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यांच्या राजघराण्यातली. जुन्या चिनी साहित्यात या प्राण्याची ख्याती काही बरी नाही. ‘शानहाय जिंग’ या प्राचीन ग्रंथातला चिंगच्यू डोंगरावरचा असा कोल्हा तान्ह्या बाळासारखा आवाज काढतो आणि माणसं खातो. मिंग काळातल्या ‘फेंगशेन यान्यी’ कादंबरीत तर कोल्हीच दाजी नावाच्या सुंदरीचं रूप घेऊन शांग राजघराणं बुडवते. पुरुषाला भुलवून त्याचा घात करणाऱ्या बाईचं हे ठरलेलं रूप. मालिकेने नेमकी तीच नायिका केली, आणि तिला सोज्वळही केलं नाही. ती आळशी आहे, मद्याची शौकीन आहे आणि वयाने एक लाख चाळीस हजार वर्षांची आहे. स्वर्गाचा युवराज ये ह्वा पन्नास हजारांचा, म्हणजे तिच्यापुढे पोरसवदा. चिंगच्यूत सगळे तिला मानाने आत्या म्हणतात. आत्या म्हणवून घेणाऱ्या बाईच्या वाट्याला एवढी मोठी प्रेमकथा सहसा येत नाही.

दुसरी खुबी रचनेत आहे. शक्ती आणि स्मृती गमावलेली बाय च्यान एका डोंगरावर साधी मर्त्य बाई होऊन राहते. जखमी ये ह्वाला ती वाचवते, त्याच्याशी लग्न करते, आणि तोच तिचं नाव सू सू ठेवतो. स्वर्गात नेल्यावर तिची परवड होते. मूल जन्मल्यावर ती देवत्व हिरावून घेणाऱ्या कड्यावरून उडी टाकते, पुन्हा बाय च्यान होते आणि औषध पिऊन सगळं विसरते. तीनशे वर्षांनी पूर्व समुद्राच्या नागराजाकडे मेजवानीला ती येते तेव्हा तिच्या डोळ्यांवर पांढरी रेशमी पट्टी असते. तिला उजेड सोसत नाही. एक चिमुरडा तिला आई म्हणून बिलगतो. तो कोण, डोळे का दुखतात, तिला काही ठाऊक नाही. प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे. बाय च्यान साकारणाऱ्या यांग मीचा चेहरा इथे कोरा आहे आणि म्हणूनच आपल्याला भरून येतं. आठवणींचं ओझं नायिकेऐवजी प्रेक्षकाने वाहायचं, ही युक्ती पुढचे कितीतरी रेंगाळलेले भाग तारून नेते.

ते डोळे गेले कसे? सू जिन ही स्वर्गातली स्त्री त्याच कड्यावरून स्वतः उडी टाकते आणि सू सूने ढकललं असा कांगावा करते. त्यात सू जिनची दृष्टी जाते. भरपाई म्हणून सू सूचे डोळे काढायचं ठरतं, आणि ते काढतो स्वतः ये ह्वा. आपण प्रेम दाखवलं तर आजोबा, म्हणजे स्वर्गाधिपती, तिला जिवंत सोडणार नाहीत, हा त्याचा हिशेब. ही भीती पोकळ नाही. त्याच्या काकाने ठरलेलं लग्न मोडून एका दासीशी संसार मांडला, तर त्याची रवानगी उत्तर समुद्रात झाली होती. काकाने नाकारलेली ती वधू म्हणजे बाय च्यानच, आणि तहाचा तो करार पुढे ये ह्वाच्या गळ्यात पडला. म्हणजे ज्या सोयरिकीसाठी या मर्त्य बायकोला लपवावं लागलं, त्या सोयरिकीतली वधू तीच होती. माणसापेक्षा करार मोठा मानणाऱ्या व्यवस्थेवर याहून कडक टीका सुचणं अवघड.

आणि इथेच मालिका कच खाते. एवढी फिर्याद उभी करून ती आरोपीच्या पिंजऱ्यात एकट्या सू जिनला उभं करते. सू जिन दुष्ट आहे यात शंका नाही. पण तिचं अख्खं कूळ स्वर्गाच्या लढाईत कामी आलं, ती स्वर्गातच वाढली, आणि तिथे डाव कसे टाकायचे हे तिथेच शिकली. पुढे बाय च्यान तिच्याकडून आपले डोळे परत घेते तेव्हा प्रेक्षक टाळ्या पिटतो. स्वर्गाधिपतीची गादी मात्र शाबूत राहते. ये ह्वालाही जाब कोणी नीट विचारत नाही. तो झुरतो, मरतो, परत येतो, आणि त्याचं झुरणं हेच प्रायश्चित्त म्हणून मंजूर होतं. बायकोला एका शब्दाने विश्वासात न घेता तिच्या भल्याचा निर्णय परस्पर घेणं, हा मूळ अपराध प्रेमाच्या खात्यावर जमा होतो.

चिनी परंपरेत स्वर्गाला जाब विचारण्याची सोय नाही असंही नाही. ‘पश्चिमेची यात्रा’मधल्या सुन वुखोंग या वानराला स्वर्गात तबेल्याची नोकरी मिळते, हे पद किती हलकं आहे ते कळताच तो सरळ बंड पुकारतो. देवांच्या दरबारातली हुद्द्यांची उतरंड त्या कादंबरीने सोळाव्या शतकातच हास्यास्पद करून ठेवली. ‘इटर्नल लव्ह’मध्ये मर्त्यांचं नशीब लिहिणारा एक अधिकारी आहे, आणि देव त्याच्याकडे वशिले लावतात. हा विनोद तिथेच विरतो, वानराच्या वाटेने पुढे जात नाही.

बाकीचे दोष त्या मानाने किरकोळ. काही ठिकाणची संगणकी दृश्यं केविलवाणी आहेत, आणि मेलेले परत येत असल्याने मरणाचा धाकच उरत नाही.

या प्रकारालाच ही मर्यादा आहे म्हणावं, तर २०२२ ची ३६ भागांची ‘लव्ह बिट्वीन फेअरी अँड डेव्हिल’ समोर येते. तिच्यात एका मंत्राच्या बंधनामुळे दुबळ्या परीला झालेली इजा बलाढ्य राक्षसराजालाही जाणवते. सुरुवातीला ही निव्वळ गंमत वाटते, पण तिच्यामुळे सत्ताधाऱ्याला आपल्या जगात दुबळ्याचं काय होतं ते स्वतःच्या अंगावर सोसावं लागतं. ये ह्वाला हे कधीच सोसावं लागलं नाही. त्याला दुःख झालं ते बायको गमावल्याचं. ‘इटर्नल लव्ह’ पाहताना डोळे पाणावतात ते खोटं नाही. मात्र ते पुसताना डोळे काढण्याचा हुकूम कोणाचा होता, याची नोंद प्रेक्षकालाच ठेवावी लागते. मालिकेने ती ठेवलेली नाही.