परत केलेले फोन

सरकारी कर्मचाऱ्यांचा संप म्हटला की आपल्या कपाळावर आधी आठी पडते. मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्य कर्मचारी आठवडाभर कामावर गेले नाहीत. मागणी रास्त असेलही. पण त्या घोषणेत टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला कुठेच जागा नव्हती. दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याने त्यांची बाजू का घ्यावी?

मला त्याआधीचं एक आंदोलन जास्त मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोनची रॅम दोन जीबी. मुलांच्या पोषणाच्या नोंदींचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप उघडलं की तो हँग व्हायचा. त्यात ॲप इंग्रजीत. पोराला काट्यावर बसवायचं, वजन रजिस्टरात मराठीत लिहायचं आणि तेच पुन्हा इंग्रजी रकाने चाचपडत भरायचं. एखादा आकडा चुकला की कुपोषित पोर कागदोपत्री गुटगुटीत! ‘ॲप मराठीत द्या’ ही वरवर सेविकांच्या सोयीची मागणी. खरं तर कुपोषणाची नोंद खरी व्हावी, एवढंच त्या मागत होत्या.

आणि मागणाऱ्या कोण? अंगणवाडीची योजना १९७५ची, पण सरकारच्या लेखी या बायका कर्मचारीच नाहीत. त्यांना पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायलासुद्धा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. सुपरवायझरपुढे एकटी सेविका काय बोलणार? सरकार आपण निवडून देतो हे खरं, पण आत कारभार चालतो तो वरून सुटणाऱ्या आदेशांवर. खालचा अनुभव वर पोचवायला संघटनेवाचून दुसरी वाट मला तरी दिसत नाही. मात्र त्या संघटनेने पगारापलीकडचंही बोललं पाहिजे.

तशी वेळ पुन्हा आली आहे. जुलै २०२५पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालं. चेहरा जुळला नाही की आई रिकाम्या पिशवीने घरी जाते आणि वरून बोलणी खाते सेविका. संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला आहे. पुढच्या मोर्चात या आयाही हव्यात. आहार त्यांच्या पोरांचा आहे, आणि न जुळणारा चेहराही त्यांचाच.