आजचं चिंतन : सुखी माणसाशी मैत्री



योगसूत्रांच्या समाधिपादात आपण चित्ताच्या विक्षेपांपर्यंत आलो होतो. आज पुढचं, ३३ वं सूत्र. सूत्र छोटंसंच आहे, पण दोन दिवस झाले, मी त्याच्यापुढे सरकू शकलेले नाही.

पतंजली सांगतात की सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्य करणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पाप करणाऱ्याविषयी उपेक्षा, अशी भावना धरली की चित्त प्रसन्न होतं. इथे प्रसन्न म्हणजे हसतमुख नाही बरं का. संस्कृतात नितळ पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी पिंपात तुरटी फिरवायची आणि मग गाळ हळूहळू तळाशी बसायचा, तसं काहीसं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, यातलं अवघड ते चौथंच. पहिल्यात काय आहे? सुखी माणसाशी मैत्री कोणीही करेल!

आता माझी गोष्ट सांगते. सदाशिव पेठेत आम्ही दोघी एका खोलीत राहून एमपीएससीचा अभ्यास करत होतो. एकच अभ्यासिका, एकच मेस, महिनाअखेरीला एका डब्यात दोघी. तीन वर्षं. मग तिची पोस्ट निघाली आणि माझी पूर्व परीक्षाही राहिली. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी हसले, मिठी मारली, अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. पुढच्या महिन्याभरात मला तिच्यात बरंच काय काय दिसायला लागलं. ती बदललीये. बोलण्यात माज आलाय. माझा फोन दोनदा उचलला नाही. मग मीच उत्तरं देणं बंद केलं. आणि गंमत बघा, त्याच काळात मी योगसूत्रं वाचत होते, त्यामुळे या अबोल्याला माझ्याकडे छान नावसुद्धा होतं : उपेक्षा! मी काही रागावलेली नाही, मी फक्त अलिप्त आहे, असं मी स्वतःला सांगायचे.

या आठवड्यात वाचस्पती मिश्रांची टीका पुन्हा उघडली. ९व्या-१०व्या शतकातले हे मिथिलेचे पंडित. ते या चार भावनांपुढे मनाचा एकेक मळ मांडतात. मैत्रीने ईर्ष्या जाते. करुणेने दुसऱ्याचं वाईट करावं ही इच्छा जाते. मुदितेने असूया, म्हणजे गुणातही दोष शोधायची खोड जाते. आणि उपेक्षेने जातो तो अमर्ष, म्हणजे कोणाच्या वाईट वागण्याने मनात भडकलेला संताप.

इथे मी थांबले. म्हणजे सुखी माणसापुढे मैत्री लिहिलीये ती उगाच नाही. समोरच्याचं सुख दिसलं की सगळ्यात आधी पोटात दुखतं, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. ज्याला आपण सोपं समजतो, तिथेच त्यांनी पहिलं औषध ठेवलंय.

आणि मी काय केलं होतं? मैत्रीण सुखी होती. मी तिला उचलून सरळ पापी लोकांच्या रकान्यात टाकलं. कारण तिथे टाकलं की माझी ईर्ष्या मला बघावीच लागत नाही. तिचा माज, तिचे न उचललेले फोन, सगळे पुरावे मी नंतर गोळा केले. निकाल आधीच लागला होता.

‘उपेक्षा’ या शब्दानेही माझी सोय केली. आज मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पण मुळात उप आणि ईक्ष्, जवळ राहून पाहणं. ५व्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी पालीत ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यातही याच चार भावना येतात, आणि तिथे प्रत्येकीचा एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू सांगितलाय. दूरचा लगेच ओळखू येतो. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाणतेपणाची बेपर्वाई, जी बाहेरून अगदी उपेक्षेसारखीच दिसते. माझ्या बाबतीत तर बेपर्वाईसुद्धा खरी नव्हती. तिचं स्टेटस मी रोज बघत होते!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण असे मेसेज मला येतात. ज्याने तुम्हाला खरंच छळलंय, त्याच्याशी मैत्री करा असं हे सूत्र म्हणत नाही. तिथे उपेक्षाच सांगितलीये, आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त रकाना ठरवताना समोरच्याचं वागणं बघायच्या आधी आपल्या मनात कुठला मळ आहे, तो बघावा. जळफळाट असेल तर औषध मैत्रीचं. भडका असेल तर उपेक्षेचं. उलटं घेतलं तर गाळ बसत नाही, आणखी ढवळला जातो.

धारचा राजा भोज ११व्या शतकात याच सूत्रावर लिहिताना गणिताचा दाखला देतो : मोठं गणित सोडवायला आधी बेरीज वगैरे यावी लागते, तशा या भावना समाधीच्या आधीच्या. वाचून जरा हसू आलं. मी ध्यानाच्या गप्पा मारत होते आणि माझी बेरीजच चुकलेली.

काल रात्री तिला मेसेज केला. चार वेळा लिहून खोडला. ‘बिझी होते गं’ असं आधी लिहिलं होतं, ते काढलं. शेवटी एवढंच पाठवलं : ‘तुझी पोस्ट निघाली तेव्हा मला तुझा हेवा वाटला, म्हणून मी बोलायचं टाळलं. पेढा अर्धाच खाल्ला होता.’

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.

रामकृष्ण हरी.