तीस सेकंद गप्प

बसा. खुर्ची असेल तर खुर्चीत, नाहीतर जमिनीवर. हे वाचताना घाई करू नका. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा आणि मग पुढे या. आपण एका खोलीत जाणार आहोत. तिथे मी गेली बरीच वर्षं रोज सकाळी जातो.

पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली. रस्त्याला तिचंच नाव आहे आणि तिच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आमचं काम त्या मानाने फार छोटं. संस्थांसाठी माहितीपट, कुणाच्या पुस्तकाची जाहिरात, शाळेसाठी ॲनिमेशन, मोबाइलवर पाहायची दीड मिनिटाची रील. तीन संगणक, दोन स्पीकर, भिंतीला लावलेला करड्या रंगाचा फोम आणि खिडकीला जाड पडदा.

कुलूप उघडा. आत पाऊल टाका आणि दिवा लावायच्या आधी क्षणभर उभे राहा.

काय ऐकू येतं?

काहीच नाही, असं आधी वाटेल. मग यूपीएसची बारीक गुणगुण कानावर येईल. खाली दुधाच्या गाडीवर क्रेट आपटल्याचा आवाज, पडद्यामुळे बोथट झालेला. लांब कुठेतरी कोकीळ. आणि या सगळ्यांच्या खाली खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो. तो भिंतींचा, उंचीचा, कोंडलेल्या हवेचा असतो. आमच्या कामात त्याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीचा तो वेगळा. तुम्ही आत्ता बसला आहात त्या खोलीलाही तो आहे. श्वास संथ होऊ द्या आणि तो शोधा. सापडला की वाचायला या.

आता संगणक सुरू करा.

पडद्यावर एक आजी आहेत. भोर तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही त्यांच्याशी बोलायला गेलो होतो, जात्यावरच्या ओव्यांसाठी. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या गावोगावच्या बायकांनी ते काम कित्येक वर्षं केलं. आमची फिल्म मात्र नव्वद सेकंदांची. एवढ्यात आजींचा चेहरा, जातं, एक ओवी आणि दोन वाक्यं बसवायची होती.

प्लेहेड मागे न्या. आजींना विचारलंय, “एखादी म्हणून दाखवता?” त्या मान हलवतात. आणि मग गप्प बसतात.

ही शांतता चार सेकंदांची आहे. आम्ही सेकंदाला पंचवीस चित्रं टिपतो, म्हणजे शंभर चित्रं. आवाजाचे नमुने सेकंदाला 48,000, म्हणजे त्या चार सेकंदांत जवळजवळ दोन लाख. टाइमलाइनवर मात्र ही जागा एका बोटाच्या पेराएवढी दिसते आणि आवाजाची रेघ तिथे जवळपास सपाट असते. सपाट रेघ दिसली की हात आपोआप कापायला जातो. माझाही गेला. पहिल्या रफ कटमध्ये आजी मान हलवतात आणि लगेच गायला लागतात. नव्वद सेकंदांच्या हिशोबात तो कट अगदी बरोबर बसला होता. कुणालाही काही खटकलं नसतं.

मला खटकलं ते दुसऱ्या दिवशी, आवाज बंद करून पाहताना. आवाज बंद केला की डोळे मोकळे होतात. ही आमची जुनी सवय. मूळ फुटेज पुन्हा लावलं. त्या चार सेकंदांत आजी नुसत्या थांबलेल्या नव्हत्या. त्यांचा उजवा हात मांडीवरून किंचित उचलला गेला. बोटं वळली. मूठ सैलसर मिटली, जणू तिच्यात जात्याचा खुंटा आहे. मग खांदा एवढासा पुढे झुकला, आणि त्यानंतर गळ्यातून सूर आला. ओवी आधी हातात आली होती.

आता तुम्ही तुमचा उजवा हात मांडीवर ठेवा. मूठ मिटा, पण घट्ट नको. लाकडी खुंटा आत मावेल एवढी जागा राहू द्या. समोर जड दगड आहे आणि तो तुम्हाला फिरवायचा आहे, असं समजा. डावा हात मोकळा ठेवा, त्याने जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडायचे आहेत. दगड हलायला सुरुवातीला जोर लागतो, मग फिरण्यालाच एक ओढ येते. श्वास त्या ओढीच्या मागे जातो. या श्वासाला धरूनच बायकांनी आपलं माहेर, भाऊ, पंढरपूर, सासरचा जाच, सगळं गायलं. जातं थांबलं की ओवीही बाजूला राहते. म्हणून पिठाच्या गिरणीनंतर वीसतीस वर्षांनीसुद्धा, कुणी विचारलं तर, आजींच्या हाताला आधी खुंटा शोधावा लागतो.

हात तसाच राहू द्या, थोडा वेळ.

मी त्या शंभर फ्रेम परत घातल्या. त्यासाठी दुसरं एक वाक्य काढावं लागलं. ते वाक्य चांगलं होतं आणि मला आजही त्याची आठवण येते.

पुढचं काम रंगाचं. आमच्या पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच रंगांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणातून 1 कोटी 67 लाखांहून अधिक छटा होतात. आजींच्या गालावर, कपाळाच्या रेघांत, कुंकवाच्या खालच्या चकाकीत त्यातल्या किती असतील कोण जाणे. रंग तपासायला एक गोल आलेख वापरतात, वेक्टरस्कोप. त्यावर एक तिरकी रेषा आखलेली असते. माणूस कोकणातला असो, काश्मीरचा असो की केनियाचा, त्याच्या चेहऱ्याचे ठिपके त्या रेषेच्या आसपासच गोळा होतात. त्वचा फिकी आहे की गडद, याने त्यांची दिशा फारशी बदलत नाही, कारण त्वचेखालून वाहणारं रक्त सगळ्यांचं एकाच रंगाचं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत बसलो होतो.

तरीही जवळजवळ प्रत्येक कामात एक सूचना येते: चेहरा जरा उजळ करा. सांगणारा वाईट नसतो. लहानपणापासून जाहिराती पाहून त्याच्या डोळ्यांना तशीच सवय झालेली असते. पण उन्हात साठ वर्षं काम केलेला चेहरा दोन पायऱ्या उजळ केला की त्यातलं ऊन निघून जातं. सुरकुत्यांची खोली जाते. मी चेहऱ्यावर उजेड वाढवतो, रंग बदलत नाही. एवढं मी आता स्पष्टच सांगतो, आणि बहुतेक वेळा समोरचा ऐकतो.

तुमच्या हाताच्या पाठीकडे पाहा. शिरांजवळचा रंग वेगळा, बोटांच्या पेरांवरचा वेगळा, नखाखालचा वेगळा. एकाच हाताला किती रंग आहेत ते बघा. मोजू नका.

दुपारी अक्षरं येतात. आजी बोलताना म्हणतात, “झुंजुमुंजू व्हायच्या आत दळण व्हायचं.” सबटायटल टाकणाऱ्याने तिथे ‘पहाटे’ लिहिलं होतं. अर्थ चुकला नव्हता. पण झुंजुमुंजू म्हणताना अंधार आणि उजेड एकमेकांत मिसळतात, ते ‘पहाटे’त होत नाही. आम्ही त्यांचाच शब्द ठेवला. मग ‘दळणाऱ्या बाया’ हे शब्द पडद्यावर आले आणि ‘ऱ्या’ फुटला. र खाली पाय मोडून पडलेला, या त्याच्या शेजारी वेगळा उभा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे नेहमीचं आहे; ऱ्हस्व वेलांटीसुद्धा अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसते. कुणाला वाटेल, वाचता येतंय ना, मग काय बिघडलं? मला ते लग्नपत्रिकेत आईचं नाव चुकल्यासारखं लागतं. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने आयुष्यातली कितीतरी वर्षं देवनागरी अक्षर संगणकात नीट उभं राहावं म्हणून दिली. विंडोज 2000 बरोबर घरोघरी पोचलेला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. ते आठवलं की तुटलेला ‘ऱ्या’ तसाच सोडवत नाही. मजकुराची मांडणी भारतीय लिप्यांसाठी बदलायची, फॉन्ट तपासायचा, आणि मराठी वळणाचे ल आणि श येतात का तेही पाहायचं. अर्धा तास जातो.

मनातल्या मनात ‘ऱ्या’ लिहा. आधी र ची ती कोयत्यासारखी आडवी खूण, मग तिला चिकटून या. सावकाश. लहानपणी पाटीवर गिरवताना हात जिथे वळायचा तिथेच वळू द्या.

मग क्लायंटची करेक्शन्स येतात. लोगो मोठा करा, संगीत थोडं कमी, शेवटचं कार्ड दोन सेकंद जास्त. करतो.

चारच्या सुमाराला रेंडर लावतो, म्हणजे सगळे तुकडे एका फाइलमध्ये बांधायला संगणकाला देतो. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि संगणकाचा पंखा जोरात फिरायला लागतो. आता आपल्याला करण्यासारखं काही नसतं. इथे बहुतेक जण मोबाइल काढतात. मी चहा टाकतो आणि पट्टीकडेच बघत बसतो.

अशा वेळी मला दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा आठवतो. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. मातीतून कोंब वर येतो, पानं उघडतात, वेल चढतो, हे सगळं पडद्यावर थोडक्या वेळात पाहून भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटला. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला आणि 3 मे 1913 रोजी मुंबईत कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. पडद्यावरचा तो वेल झरझर वाढत असेल. कॅमेऱ्यामागच्या माणसाला मात्र रोपाच्याच वेगाने जगावं लागलं. कुंडीपाशी जायचं, एक चित्र टिपायचं, परत यायचं. मधल्या वेळात काही दिसत नाही. तरी पुन्हा जायचं.

पट्टी साठ टक्क्यांवर आहे. चहाचा कप दोन्ही हातांत धरा. वाफ नाकाशी येऊ द्या. एकसष्ट होईपर्यंत काही करू नका.

संध्याकाळी बॅकअप. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी ते कधीच टाळत नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण स्वरूपात कुठेच नाही. 2003 च्या जानेवारीत इथून हाकेच्या अंतरावर, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि हजारो जुनी रिळं गेली. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानेही विझत नाही. आमच्या हार्ड डिस्क पेटत नाहीत, त्या एखाद्या दिवशी नुसत्या सुरूच होत नाहीत. डिस्कवर पेन्सिलीने गावाचं नाव आणि तारीख लिहितो. आजी आता हयात नाहीत. हे कळल्यावर मी चौथी प्रत केली, नियमात नसताना.

सगळे घरी गेले आहेत. दिवा मालवा, पडदा सरकवा. हेडफोन घाला. शेवटची एक फाइल ऐकायची राहिली आहे.

मुलाखत संपली की आम्ही खोलीतल्या सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसायला सांगतो आणि रूम टोन घेतो. पुढे कुठे कट दिला आणि आवाजात खड्डा पडला, तर त्या घराच्याच शांततेने तो भरून काढता यावा, म्हणून. फाइलवर नाव असतं फक्त ‘रूमटोन’ आणि गावाचं. ती कुणी मुद्दाम ऐकत नाही.

डोळे मिटा. ऐका.

पत्र्यावर वारा आहे. पत्रा अधूनमधून एवढासा करकरतो. मागच्या परसात कोंबडी पायाने पालापाचोळा उकरते. चुलीत एक काटकी तडकते. कुणाची तरी बांगडी दुसऱ्या बांगडीला लागते. खोलीत बांगड्या फक्त आजींच्या हातात होत्या. लांबच्या वळणावर एसटी गिअर बदलते. मग वारा थांबतो, आणि एक श्वास ऐकू येतो. थोडा खरखरीत. आत जातो. बाहेर येतो. त्यांच्या श्वासाबरोबर तुमचाही जाऊ द्या, येऊ द्या. पुन्हा पत्रा. पुन्हा श्वास.

सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

कॅमेऱ्यामागून कुणीतरी हलकेच म्हणतं, “झालं, आजी.”

“झालं व्हय? म्या तर काहीच केलं न्हाई.”

हेही फाइलमध्ये आहे. मी ते कापलेलं नाही.